जुन्या गाडीत नंतर बसवलेले तीन स्विच: वायरिंगचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण तीस वर्षांहून जुन्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या एका पेट्रोल गाडीचे आहे. गाडीची बनावट आणि मालकांची ओळख येथे मुद्दाम दिलेली नाही, कारण जे घडले ते त्या काळातल्या बहुतेक कोणत्याही गाडीत घडू शकते.

कारखान्यातून बाहेर पडताना या गाडीत विजेवर चालणारी साधने मोजकीच होती: दिवे, हॉर्न, वायपर, हीटरचा पंखा आणि डॅशबोर्डवरचे मापक. ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या गतीवर वीज तयार करणारे यंत्र, ३५ अँपिअरचा होता. फ्यूज जुन्या धाटणीचे होते, म्हणजे चिनी मातीच्या छोट्या कांडीवर धातूची पट्टी असलेले आणि दोन्ही टोकांना पितळी चिमट्यांत अडकणारे. रिले, म्हणजे वेटोळ्यातल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच, फक्त हॉर्नसाठी होता. हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या स्विचमधूनच जात असे. त्या काळच्या गरजेपुरती ही रचना पुरेशी होती, पण तिच्यात जादा भारासाठी जागा जवळजवळ नव्हती.

पुढच्या काळात वेगवेगळ्या लोकांनी या गाडीत तीन गोष्टी वाढवल्या. समोरच्या बंपरवर प्रत्येकी ५५ वॅटचे दोन जादा दिवे आले. रेडिएटरचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून त्या जागी विजेचा पंखा आला. डॅशबोर्डखाली फोन चार्ज करण्यासाठी १२ व्होल्टचे सॉकेट आले. तिन्हींसाठी स्टिअरिंगच्या डावीकडे एक पत्र्याची पट्टी ठोकून तीन स्विच बसवले होते. बाहेरून पाहिल्यास काम नीटनेटके वाटत असे. पट्टीमागे प्रत्येक साधनाचा पुरवठा वेगळ्या ठिकाणाहून आणि वेगळ्या समजुतीने घेतलेला आहे, हे मालकांना माहीत नव्हते.

अडचण कशी समोर आली

मालकांनी गाडी इलेक्ट्रिशियनकडे आणली तेव्हा त्यांच्या तीन तक्रारी होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नव्हते. रात्रीच्या लांबच्या प्रवासात जादा दिवे लावून अर्धा तास झाला की डॅशबोर्डखालून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येई, आणि त्याच वेळी पार्किंगचे व मापकांमागचे दिवे मंदावत. दुसरी तक्रार अशी की गाडी उभी असून इंजिन मंद चालत असताना रेडिएटरचा पंखा चालू केला की इंजिन अडखळे. तिसरी तक्रार सर्वांत चमत्कारिक होती: चावी बंद केल्यावरही इंजिन कधीकधी दोन-तीन सेकंद चालू राही. कार्ब्युरेटरमध्ये दोष असावा या समजुतीने त्याची जुळवणी आधीच करून झाली होती, पण फरक पडला नव्हता.

वासाची तक्रार सर्वांत गंभीर मानली गेली आणि ते योग्यच होते. वास येतो म्हणजे एखाद्या तारेचे आवरण मऊ होण्याइतके तापले आहे, आणि डॅशबोर्डमागे एकच तार एकटी कधीच नसते.

तपासणीत काय सापडले

इलेक्ट्रिशियनने लगेच काही उघडले नाही. तिन्ही साधनांचा पुरवठा कुठून येतो, कोणत्या फ्यूजमधून जातो, कोणत्या स्विचमधून जातो आणि अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीची जोडणी) कुठे होतो, याचा त्यांनी प्रथम कागदावर आराखडा काढला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वेळ हाच होता, कारण पुढचे जवळजवळ सर्व निर्णय त्या कागदावरून झाले.

जादा दिव्यांचा पुरवठा पार्किंग दिव्यांच्या तारेवरून घेतलेला होता. त्यासाठी तारेभोवती चिमटीसारखा बसणारा प्लॅस्टिकचा जोडक वापरला होता, ज्याचे धातूचे पाते आवरण कापून तांब्यापर्यंत पोहोचते. असे पाते काही तंतू तोडते आणि उरलेल्यांना अगदी अरुंद जागी स्पर्श करते. पार्किंगच्या मंडलाचा (सर्किटचा) मूळ भार तीन अँपिअरच्या आत होता, त्याची तार ०.७५ चौरस मिमीची होती आणि फ्यूज पांढरा, ८ अँपिअरचा होता. दोन दिव्यांचे ११० वॅट, म्हणजे इंजिन चालू असताना सुमारे १० अँपिअर, त्यात भरल्यावर एकूण १३ अँपिअर होतात. ८ अँपिअरचा फ्यूज अर्थातच उडाला असणार, कारण त्या जागी आता लाल, म्हणजे १६ अँपिअरचा फ्यूज होता. कोणीतरी दोष शोधण्याऐवजी फ्यूज मोठा केला होता.

फ्यूजचे मूल्य त्याच्यापुढे असलेल्या सर्वांत बारीक तारेवरून ठरते. १६ अँपिअरचा फ्यूज १३ अँपिअरवर वितळण्याचे काही कारणच नव्हते. तो आपले काम बरोबर करत होता, पण त्याला नेमून दिलेले काम चुकीचे होते. दिवे लावून मोजले असता एकट्या त्या चिमटी-जोडकावर ०.८ व्होल्ट खर्च होत होते. १० अँपिअरला ०.८ व्होल्ट म्हणजे ८ वॅट उष्णता. पार्किंगच्या ५ वॅटच्या बल्बाला काही मिनिटांनी बोट लावता येत नाही, आणि येथे त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या जोडकात कोंडली जात होती. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना दिव्यांपर्यंत ११.६ व्होल्टच पोहोचत होते.

पंख्याचा पुरवठा इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या तारेवरून, थेट इग्निशन स्विचच्या मागून घेतला होता. पंखा चालताना ८ अँपिअर घेई आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. हा सगळा भार कॉइलच्या चारेक अँपिअरसोबत जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांमधून जात होता. कॉइलला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) पडला की ठिणगी क्षीण होते आणि इंजिन अडखळते. दुसऱ्या तक्रारीचा उलगडा येथेच झाला.

तिसऱ्या तक्रारीचे कारणही तेच होते. चावी बंद केल्यावर पंख्याचे पाते लगेच थांबत नाही. कायम चुंबकाची मोटार गतीमुळे फिरत राहिली की ती जनित्रासारखी वागते आणि वीज उलट दिशेने सोडते. पंखा आणि कॉइल एकाच तारेवर असल्यामुळे ती वीज कॉइलला मिळे आणि इंजिन काही क्षण जिवंत राही. याची खात्री करणे सोपे होते. आधी पंख्याचा स्विच बंद करून मग चावी फिरवली की इंजिन तत्क्षणी थांबे. पंखा चालू ठेवून चावी बंद केली की कॉइलच्या टोकाशी मीटरवर दाब दिसे आणि तो हळूहळू उतरे. तापलेल्या काजळीमुळे इंजिन बंद होत नाही तेव्हा ते धडधडत, आचके देत चालते. येथे ते सुरळीत चालत होते. हा फरक आधीच लक्षात आला असता तर कार्ब्युरेटरला हात लावावा लागला नसता.

राहिले सॉकेट. त्याबद्दल कोणतीच तक्रार नव्हती, आणि सर्वांत मोठा धोका तिथेच निघाला. त्याची १.५ चौरस मिमीची तार बॅटरीच्या धन टोकापासून निघून, मध्ये एकही फ्यूज न घेता, इंजिन आणि आतल्या भागामधल्या पत्र्याच्या एका उघड्या भोकातून आत आली होती. भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या कडेपासून तार वाचवणारे कडे, नव्हते. पत्र्याची कड तारेच्या आवरणात निम्म्यापर्यंत घुसली होती. तांबे पत्र्याला टेकले असते तर दोन मीटर तारेचा रोध जेमतेम ०.०२३ ओहम असल्यामुळे बॅटरीतून सहज २०० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहिला असता, आणि तेवढ्या प्रवाहाला एकट्या तारेत ९०० वॅटच्या वर उष्णता निर्माण होते. त्या मार्गात तो प्रवाह तोडणारे काहीच नव्हते. स्विच तर तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. तो बंद असला तरी बॅटरीपासून स्विचपर्यंतची तार कायम जिवंतच होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता सर्व जादा साधने काढून गाडी मूळ स्थितीत आणण्याचा. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्दोष होता. मात्र पट्ट्यावरचा मूळ पंखा उपलब्ध नव्हता, त्यामुळे विजेचा पंखा ठेवणे भाग होते. पंख्यासाठी नवी रचना करायचीच असेल तर बाकीच्यांसाठीही ती करता येईल, म्हणून हा पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय असा होता की स्विच आहेत तिथेच ठेवायचे, पण प्रत्येकाला बॅटरीपासून जाड तार आणि स्वतंत्र फ्यूज द्यायचा. यात खर्च कमी आणि जोड थोडे. अडचण अशी की दिव्यांचा आणि पंख्याचा पूर्ण प्रवाह पुन्हा डॅशबोर्डपर्यंत येऊन स्विचमधून परत पुढे गेला असता. तारेची लांबी दुप्पट, दाबाची घट दुप्पट, आणि स्विचवर पूर्ण भार. जुने स्विच उघडून पाहिले तेव्हा दिव्यांच्या स्विचचे संपर्क काळे पडून खड्डे पडलेले दिसले. त्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे छापलेले होते आणि ते वाचूनच तो बसवला गेला असावा. परंतु ते मूल्य घरगुती प्रत्यावर्ती (एसी) विजेसाठीचे असते. ५० हर्ट्झच्या त्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. गाडीतली वीज एकाच दिशेने वाहते आणि मोटारीसारख्या भारावर ती ठिणगी ताणली जाते. दिव्यांच्या बाबतीत अडचण उलट टोकाला असते: थंड तंतूचा रोध फार कमी असल्यामुळे दिवा लागण्याच्या क्षणी प्रवाह नेहमीच्या दहा पटींच्या आसपास उसळतो. म्हणून गाडीसाठीचा स्विच घेताना त्यावर १२ व्होल्ट आणि एकदिश (डीसी) प्रवाहासाठीचे मूल्य लिहिलेले असले पाहिजे.

तिसरा पर्याय रिलेसह तयार मिळणाऱ्या हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जुडग्याचा होता. असे हार्नेस दिव्यांसाठी सोयीचे असतात, पण पंख्याला हवी असलेली जोडणी त्यात बसत नव्हती आणि तारांची जाडी आवरणावरून कळत नव्हती. जाड आवरणाखाली बारीक तांबे असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

चौथा पर्याय म्हणजे बोनेटखाली बॅटरीजवळ एक छोटी फ्यूज-रिले पेटी बसवून तिथूनच सर्व भार चालवायचा, आणि डॅशबोर्डवरच्या स्विचमधून रिलेच्या वेटोळ्यापुरता ०.२ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह जाऊ द्यायचा. हाच निवडला गेला. सॉकेटला मात्र रिले दिला नाही, कारण त्याला खरी गरज फ्यूजची आणि सुरक्षित मार्गाची होती. प्रत्येक गोष्टीला रिले लावणे हेही शहाणपणाचे नसते. प्रत्येक जादा जोड हा पुढचा संभाव्य दोष असतो.

निर्णायक ठरलेले मुद्दे

पहिला मुद्दा ऑल्टरनेटरचा. रात्री, पावसात, जादा दिवे लावून जाताना एकूण मागणी किती होते याची बेरीज केली: इग्निशन ४, हाय बीम १०, मागचे व मापकांचे दिवे ३, वायपर ४, पंखा ८, जादा दिवे १० आणि सॉकेट ५, म्हणजे ४४ अँपिअर. ऑल्टरनेटर ३५ अँपिअरचा, आणि तोही इंजिन पुरेशा वेगात असताना. उरलेले बॅटरी भरून काढत होती आणि हळूहळू रिती होत होती. यावर मोठा ऑल्टरनेटर बसवण्याचा विचार झाला, पण त्यासाठी त्याची मुख्य तारही बदलावी लागली असती. त्याऐवजी जादा दिवे फक्त हाय बीमसोबतच लागतील अशी जोडणी ठरली. लो बीमवर मंद वाहतुकीत, जिथे पंखा सर्वांत जास्त चालतो, तिथे जादा दिवे आपोआप बंद राहतात आणि मागणी ३४ अँपिअरच्या आत येते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडत नाही हा फायदा माझ्या दृष्टीने विजेच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. जादा दिव्यांबाबत आपापल्या ठिकाणचे वाहन-नियमही तपासून घ्यावेत.

दुसरा मुद्दा पंख्याचा, आणि येथे बरीच चर्चा झाली. आतापर्यंत पंखा केवळ हाताने चालू करावा लागे. चालक विसरला की इंजिन तापणार, ही रचना मुळातच सदोष होती. म्हणून रेडिएटरमध्ये तापमानावर चालणारा स्विच बसवायचे ठरले, जो ९२ अंश सेल्सिअसला लागतो आणि ८७ अंशांना सुटतो. हाताचा स्विच त्याला समांतर ठेवला, म्हणजे तापमान-स्विच निकामी झाला तरी चालकाला पंखा लावता येईल. हे दोन्ही स्विच रिलेच्या अर्थच्या बाजूला जोडले. त्यामागचा विचार असा: डॅशबोर्डकडे जाणारी तार कधी घासून पत्र्याला टेकली, तर धन बाजू तोडणाऱ्या रचनेत फ्यूज उडतो आणि पंखा थांबतो, अर्थ बाजू तोडणाऱ्या रचनेत पंखा उलट चालूच राहतो. दिव्यांसाठी पहिले चालते. पंख्यासाठी दोष घडलाच तर तो पंखा चालू राहण्याच्या बाजूने घडावा.

या निवडीमुळे एक छोटा प्रश्न उभा राहिला. दिवा असलेल्या रॉकर स्विचला तीन पिना असतात: पुरवठा, भार आणि आतल्या दिव्यासाठी अर्थ. अर्थ बाजू तोडण्याच्या कामी तो दिवा नेहमीसारखा चालत नाही. म्हणून पंख्यासाठी साधा स्विच घेतला आणि सूचक दिवा वेगळा ठेवून त्याची तार, स्वतःच्या छोट्या फ्यूजमधून, रिलेच्या ८७ क्रमांकाच्या, म्हणजे पंख्याकडे वीज जाणाऱ्या टोकावरून घेतली. हा दिवा स्विच दाबला आहे हे सांगत नाही, पंख्याला वीज गेली आहे हे सांगतो, आणि तापमान-स्विचने पंखा लावला तरी पेटतो. जादा दिव्यांच्या स्विचसाठी मात्र तीन पिनांचाच रॉकर वापरला. त्याच्या पिना बसवण्यापूर्वी मीटरने तपासल्या, कारण भाराची आणि अर्थची पिन अदलाबदल झाली तर स्विच दाबताच पुरवठा थेट अर्थला जातो.

चावी बंद केल्यावर पंखा चालू ठेवायचा का, यावर मतभेद होते. इंजिन थांबले की पाण्याचा पंपही थांबतो, त्यामुळे पंखा फक्त रेडिएटरमधले पाणी थंड करतो आणि बॅटरी खर्च करतो. म्हणून रिलेच्या वेटोळ्याचा पुरवठा चावीवर ठेवला. वेटोळे आणि पंखा आता वेगळ्या मार्गांवर असल्यामुळे फिरणाऱ्या पंख्याची वीज कॉइलपर्यंत पोहोचण्याची वाटच उरली नाही.

प्रत्यक्ष काम

सुरुवात बॅटरीचे ऋण टोक सोडवण्यापासून झाली. आधी धन टोक सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होतो. ऋण टोक आधी निघाले की तो धोका राहत नाही. जोडताना याच कारणाने ऋण टोक शेवटी.

जुन्या तारा कापून तशाच सोडण्याचा मोह टाळून त्या पूर्णपणे बाहेर काढल्या. चिमटी-जोडक काढल्यावर पार्किंगच्या तारेचे निम्मे तंतू तुटलेले आणि काळवंडलेले दिसले. हार्नेसवरचा टेप वीतभर उघडल्यावर शेजारच्या दोन तारांची आवरणेही चिकटलेली निघाली. हे काम अंदाजात धरलेले नव्हते. तिन्ही तारांचे खराब तुकडे बदलले, फ्यूजच्या पितळी चिमट्यांवरचा हिरवा थर घासून काढला आणि पार्किंगच्या मंडलात पुन्हा ८ अँपिअरचा पांढरा फ्यूज बसवला.

नव्या रचनेत बॅटरीच्या धन टोकापासून पेटीपर्यंत ६ चौरस मिमीची तार आली आणि तिचा ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ बसला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा नेहमीच असुरक्षित असतो. पेटीत दिव्यांसाठी १५, पंख्यासाठी २० आणि सॉकेटसाठी १० अँपिअरचे, तर रिलेच्या वेटोळ्यांसाठी ३ अँपिअरचे पात्याचे फ्यूज बसले. दिव्यांना व पंख्याला २.५, सॉकेटला १.५ आणि स्विचच्या तारांना ०.७५ चौरस मिमी तांबे वापरले. दिव्यांच्या रिलेचे वेटोळे हाय बीमच्या तारेवरून, स्विचमधून, चालते. रिले आतच डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असलेले घेतले. वेटोळ्याचा प्रवाह तुटताना शेकडो व्होल्टचा क्षणिक झटका निर्माण होतो आणि छोट्या स्विचचे संपर्क त्याने झिजतात. डायोड तो झटका जागीच जिरवतो. अशा रिलेत ८६ क्रमांकाचे टोक धन आणि ८५ ऋण ठेवावे लागते. उलटे जोडले तर डायोडमधूनच शॉर्ट होतो.

सर्व टोके दात्यांच्या क्रिंपिंग पकडीने दाबली आणि प्रत्येक हाताने ओढून पाहिले. सोल्डर मुद्दाम टाळला, कारण सोल्डर तंतूंमध्ये शिरून तार जिथे ताठ होते, तिथेच ती हादऱ्यांनी तुटते. बोनेटखालच्या जोडांवर आतून गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवली. पत्र्यातल्या भोकाला ग्रोमेट बसले, तारा पन्हळी नळीत गेल्या आणि एक्झॉस्टपासून व स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून दूर बांधल्या गेल्या. जादा दिव्यांची अर्थ आधी बंपरच्या रंगवलेल्या ब्रॅकेटवर होती. ती बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागी, दातेरी वॉशरसह नेली आणि वर पेट्रोलियम जेली लावली. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टीही बदलली. ही पट्टी खराब असली तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल का तापून अडकते हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्यांदा वीज देताना प्रत्येक फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावला. स्विच बंद असतानाही तो पेटला असता तर पुढे शॉर्ट आहे हे तार न जळता कळले असते. मग एकेक मंडल स्वतंत्रपणे चालवले आणि शेवटी दिवे अर्धा तास लावून फ्यूजचे होल्डर, जोड आणि स्विच हाताने चाचपून पाहिले. काहीही कोमटाहून जास्त तापले नाही.

परिणाम

दिव्यांजवळ आता १३.४ व्होल्ट मिळतात. तंतूच्या दिव्यात दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे ११.६ वरून १३.४ वर येणे म्हणजे दीडपटीहून अधिक प्रकाश. मालकांना वाटले दिवे बदलले असावेत. वास थांबला, पंखा लागताना इंजिन अडखळणे थांबले आणि चावी फिरवताच इंजिन बंद होऊ लागले. पार्किंगच्या मंडलातला ८ अँपिअरचा फ्यूज त्यानंतर उडालेला नाही.

एक अडचण मात्र नंतर उद्भवली. फोन रात्रीही चार्ज करता यावा म्हणून सॉकेट कायम जिवंत असावे असा मालकांचा आग्रह होता, आणि इलेक्ट्रिशियनने तो मान्य केला. गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी उतरली. मोजल्यावर गाडी उभी असतानाची गळती ६० मिलिअँपिअर निघाली. सॉकेटमध्ये राहून गेलेला, व्होल्टमीटर असलेला चार्जर काढल्यावर ती २० वर आली. ६० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे १.४ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत ३० अँपिअर-तास. त्या ४५ अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीला तेवढे पुरेसे होते.

वेगळे काय करता आले असते

सॉकेटचा पुरवठा चावीवर ठेवून, हवा तेव्हाच कायमचा पुरवठा देणारा दोन स्थितींचा स्विच बसवता आला असता. पट्टीवर त्यासाठी जागा होती. निदान हाती देताना उभ्या गाडीची गळती मोजली असती, तरी चार्जरचा प्रश्न त्याच दिवशी समोर आला असता. त्या मापनाला काही मिनिटेच लागतात: ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर लावायचा, दारे बंद ठेवायची, आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही.

पेटीची जागाही वेगळी निवडता आली असती. ती बॅटरीच्या अगदी वर बसवल्यामुळे तार लहान झाली, पण काही महिन्यांनी रिलेच्या पिनांवर आम्लाच्या वाफेचा पांढरट थर दिसू लागला. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ ठेवून पेटी इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला, पिना खाली राहतील अशी, बसवली असती तर तार मीटरभर वाढली असती आणि दाबाची घट नगण्य राहिली असती.

सर्वांत मोठी संधी मात्र खूप आधी हुकली होती. पार्किंगचा पांढरा फ्यूज पहिल्यांदा उडाला, त्या दिवशी दोष कुठे आहे हे गाडी स्वतः सांगत होती. लाल फ्यूज बसवणाऱ्याने भाराची साधी बेरीज केली असती तर हार्नेस उघडण्याची वेळ आली नसती.

आणखी एक काम अजून बाकी आहे. मूळ हेडलाइटचा पूर्ण प्रवाह आजही डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधूनच जातो आणि हेडलाइटजवळ मोजलेला दाब जादा दिव्यांपेक्षा एका व्होल्टाने कमी आहे. जादा दिव्यांऐवजी आधी हेडलाइटलाच रिले दिले असते तर कदाचित जादा दिव्यांची गरज इतकी भासली नसती. पेटीत दोन जागा त्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या आहेत.